पाच पेलेट, एकच भोक आणि बॅरलची परीक्षा

डिसेंबरातल्या एका रविवारी भाची घरी आली ती हातातलं पुठ्ठ्याचं कार्ड नाचवतच. "मामा, हे बघ. पाच पेलेट मारल्यात आणि भोक एकच!"

ती दहा मीटर एअर रायफल खेळते. हवेच्या दाबाने पेलेट, म्हणजे शिशाचा छोटा छर्रा, सोडणारी ही रायफल. तिच्या ओळखीतली एक ताई खेळ सोडून नोकरीला लागली आणि तिची जर्मन बनावटीची मॅच रायफल विकायला निघाली. चांगल्या कंपन्या कारखान्यातून रायफल पाठवताना तिची चाचणी घेतात आणि त्या चाचणीचं टार्गेट पेटीत ठेवतात. हे कार्ड तेच. भाचीच्या मते सौदा पक्का करायला एवढा पुरावा पुरेसा होता. माझ्याकडे आली होती ती फक्त मी मान डोलवावी म्हणून.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत तीसेक वर्षं इन्स्पेक्शनला काढली. डिझेलच्या नोझल, हायड्रॉलिकचे सिलिंडर... हयात भोकं मोजण्यात गेली म्हणा ना. बंदूक कधी चालवली नव्हती. पण नळी ती नळीच. कार्ड उलटसुलट करून मी विचारलं, "कोणत्या सालचं आहे हे?" कार्ड नऊ वर्षांपूर्वीचं निघालं. "आणि पाचच का मारल्या?" यावर ती गप्प झाली. पुढचे तीन रविवार आम्ही त्या बॅरलच्या मागे लागलो. त्यात जे वाचलं, विचारलं, मोजलं, ते इथे सांगतो.

नळी नेमकं काय करते

बॅरलची दोन कामं. पेलेटला सरळ दिशा द्यायची आणि तिला गरगर फिरवायचं. फिरवण्यासाठी आतल्या भिंतीवर पेचदार खाचा असतात, त्यांनाच रायफलिंग म्हणतात. भोवरा फिरत असेपर्यंत उभा राहतो, तसंच काहीसं इथे. एअर रायफलची पेलेट डमरूच्या आकाराची असते. पुढे भरीव डोकं, मध्ये कंबर, मागे पोकळ घेर. त्या घेरामुळे ती बॅडमिंटनच्या फुलासारखी आपोआप तोंड पुढे करून जाते. मग फिरवायचं कशाला? तर कोणतीच पेलेट शंभर टक्के सारखी नसते. एका बाजूला किंचित जड असेल, तर न फिरता जाताना ती त्याच बाजूला ओढत राहील. फिरली की ती ओढ सगळ्या दिशांना वाटली जाते.

एअर रायफलच्या बॅरलमध्ये साधारण ४५० मिलिमीटरला एक फेरा असा पेच असतो. पेलेट सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास वेगाने निघते. गुणाकार-भागाकार केला तर मिनिटाला २३,००० फेरे होतात! आमच्याकडे चकमध्ये वाकडा जॉब धरून हजार आरपीएमला लेथ फिरवलं तरी मशीन थरथरायचं. तेव्हा एवढ्या वेगाने फिरणारी पेलेट नळीत जराशी तिरकी बसली किंवा बाहेर पडताना तिला कुठे धक्का लागला, तर काय होईल याची कल्पना करा.

इथे एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. वर्कशॉपात बीएसडब्ल्यूचे, म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड विटवर्थचे, आटे ज्यांनी पाडलेत, त्यांना विटवर्थ माहीत असतो. तोच जोसेफ विटवर्थ, ज्याने १८४१ साली आट्यांचं प्रमाण ठरवलं. याच माणसाला पुढे ब्रिटिश सरकारने रायफलींच्या कामाला लावलं. त्या वेळच्या एन्फिल्ड रायफलीत ७८ इंचांना एक फेरा होता. विटवर्थने षटकोनी नळी केली आणि पेच २० इंचांवर आणला. १८५७च्या चाचण्यांत त्याची रायफल एन्फिल्डच्या पुष्कळ पुढे गेली. मला यात विशेष वाटतं ते असं की तो मुळात मोजमापाचा माणूस होता, बंदुकीचा नव्हता.

याच विटवर्थच्या रायफलीने २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनला राणी व्हिक्टोरियाने नेमबाजी स्पर्धेचं उद्घाटन केलं. रायफल लोखंडी स्टँडवर आधीच नेम धरून घट्ट बसवलेली, राणीने फक्त दोरी ओढली. ४०० यार्डांवर गोळी मध्यापासून सव्वा इंचावर लागली. टाळ्या झाल्या असणारच. पण तपासणाऱ्याच्या नजरेने बघा. रायफल स्टँडवर बसवली, म्हणजे माणसाच्या हाताचा दोष बाजूला काढला. हे बरोबर केलं. गोळी मात्र एकच मारली. एका गोळीवरून बॅरलबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही

भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजतो, म्हणून एक शीत चेपलं की कळतं. पेलेटचं तसं नाही. एकच बॅरल, एकच डबा, रायफल शिकंज्यात आवळलेली, तरी प्रत्येक पेलेट थोडी वेगळीकडे जाते. एक पेलेट कुठे गेली हे महत्त्वाचं नसून पसारा केवढा होतो हे महत्त्वाचं. लासलगावला पाच कांदे हातात घेऊन कोणी अख्ख्या ट्रॉलीची बोली लावत नाही, ढीग ओतायला लावतात.

नेमबाज पसाऱ्याला ग्रुप म्हणतात आणि सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजतात. मोजायला सोपं, पण फसवं. पेलेटची संख्या वाढवली की बॅरल तेच असूनही हे अंतर वाढतं, कारण लांब जाणाऱ्या एखाद्या पेलेटला जास्त संधी मिळते. पाच पेलेटचा ग्रुप सरासरी १० मानला, तर त्याच बॅरलचा तीनचा ग्रुप साधारण ८ येतो आणि दहाचा साडेबारा. म्हणून कोणी "माझ्या रायफलीचा ग्रुप इतका" म्हणालं की आधी विचारायचं, किती पेलेटचा?

त्याहून मोठी गंमत पुढे आहे. पाच-पाचचे वीस ग्रुप मारले तर ते एकसारखे येत नाहीत. सरासरीच्या पाव पट इकडे-तिकडे सहज होतात, एखादा त्याहूनही लहान किंवा मोठा निघतो. मग माणूस काय करतो? वीसातला सर्वांत लहान ग्रुप पाकिटात ठेवतो आणि जन्मभर दाखवतो. भाचीच्या हातातलं कार्ड असंच निवडलेलं होतं असं मी म्हणत नाही. पण त्या कार्डावरून मला ते कळूही शकत नव्हतं.

लांब गेलेली पेलेट "ही माझ्या हातून गेली" म्हणून वगळायची, ही आणखी एक खोड. शिकंज्यात धरलेली रायफल कोणाच्या हातून चुकत नाही. तिथे लांब गेलेली प्रत्येक पेलेट धरायची.

बरं माप हवं असेल तर सगळ्या भोकांचा मध्य काढायचा, त्या मध्यापासून प्रत्येक भोकाचं अंतर घ्यायचं आणि त्या अंतरांची सरासरी काढायची. यात प्रत्येक पेलेट काहीतरी सांगते. नुसत्या टोकाच्या दोघींचं राज्य राहत नाही. एकाच भोकावर भोक पडून सगळं एक होत असेल, तर प्रत्येक पेलेटला नवं टार्गेट लावायचं आणि नंतर मापं एकत्र मांडायची. वेळ जातो, पण दुसरा मार्ग नाही. आम्ही दहा-दहाचे पाच ग्रुप केले, म्हणजे एका जातीच्या पेलेटला पन्नास.

किती अचूक म्हणजे पुरेसं

दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेलेट साडेचार मिलिमीटरची. तिची कड ठिपक्याला नुसती टेकली तरी १०.० मिळतात, म्हणजे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवा. पुढे दर पाव मिलिमीटरला एक दशांश वाढतो. १०.८साठी मध्यापासून अर्धा मिलिमीटर, १०.९साठी पाव. साठ पेलेटच्या फेरीत सर्वाधिक ६५४ होतात.

आता समजा बॅरलचा दहा पेलेटचा पसारा भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत एक मिलिमीटर आहे. मग देवासारखा नेम असलेल्या माणसाच्याही पेलेट मध्यापासून जेमतेम अर्धा मिलिमीटर हलतील. तो १०.८च्या खाली क्वचितच येईल. एखादी मुलगी सरासरी १०.३ मारत असेल, तर तिचे गुण बॅरल खात नाही. हे भाचीला सांगणं जरा जिवावर आलं, पण सांगितलं. नवी रायफल घेऊन जे गुण वाढतात ते पुष्कळदा ट्रिगर, स्टॉकची (दस्त्याची) उंची आणि खांद्याचा टेका नीट बसल्याने वाढतात. श्रेय बॅरलला मिळतं.

भोकं काय बोलतात

पसाऱ्याच्या आकारमानापेक्षा मला त्याचा आकार वाचायला जास्त आवडला. गोल पसारा असेल तर तो बॅरल आणि पेलेट यांचा स्वभाव समजायचा. उभा, लांबट पसारा आला तर आधी वेग तपासायचा. दहा मीटर जाईपर्यंत पेलेट सुमारे १७ मिलिमीटर खाली पडते. वेग सेकंदाला दोन मीटरने जरी कमी-जास्त झाला तरी टार्गेटवर साधारण ०.४ मिलिमीटरचा वर-खाली फरक पडतो. म्हणजे दोष हवेच्या रेग्युलेटरचा किंवा एखाद्या थकलेल्या सीलचा, शिव्या मात्र बॅरलला. क्रोनोग्राफ नावाचं वेग मोजायचं छोटं यंत्र क्लबांत असतं, ते मागून घ्यावं.

दोन वेगळे पुंजके पडले तर काहीतरी ढिलं आहे. नेम धरायची साइट, स्टॉकचे बोल्ट किंवा बॅरल जिथे ॲक्शनमध्ये, म्हणजे रायफलीच्या मधल्या यंत्रणेत, बसतं तिथला स्क्रू. वस्तू दोन जागी बसू शकते आणि आळीपाळीने बसते. आमच्या रायफलीचा पहिल्या दिवशी नेमका असाच ग्रुप आला. भाचीचा चेहरा उतरला. स्टॉकचा पुढचा बोल्ट पाऊण फेरा ढिला होता. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला आवळला आणि दोनाचा एक पुंजका झाला. बॅरल बदलायचं म्हणून हजारो रुपये घालवणारे लोक आहेत, त्यांना आधी एक ॲलन की हातात द्यावी.

छऱ्याची बंदूक तापत नाही, पण दारूच्या रायफलीत आणखी एक चाल दिसते. बॅरल तापेल तसे फटके एकाच दिशेला सरकत जातात. हे पोलादात अडकलेल्या ताणाचं लक्षण. टूलरूममधल्या कोणालाही समजावून सांगायला नको; चकमध्ये सरळ असलेला जॉब सोडल्यावर केळं होतो ना, तेच. नळीत खाचा पाडण्याच्या बऱ्याच रीती आहेत. कोणी एक-एक खाच तासून काढतात, कोणी कार्बाइडचं बटण दाबून ओढतात, कोणी साच्यावर हातोड्यांनी घडवतात. दाबून आणि ठोकून केलेल्या नळीत ताण राहतो, तो भट्टीत उतरवावा लागतो. चांगला कारखाना तो उतरवतो, घाईतला उतरवत नाही. बाहेरून दोन्ही सारख्याच चकचकीत दिसतात.

मापं आणि नजर

आता माझा प्रांत. बॅरल तपासताना लोक विचारतात, भोक किती मिलिमीटरचं? माझ्या मते प्रश्न चुकतोय. भोक शंभराव्या भागाने मोठं-लहान असलं तरी त्याला साजेशी पेलेट मिळते, डोक्याच्या ४.४९, ४.५०, ४.५१ अशा मापांत ती विकत मिळते. प्रश्न असा हवा की भोक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखं आहे का? मधेच सैल झालं तर तिथे पेलेटची पकड सुटते आणि पुढे ती कशीही बसते. नळी तोंडाकडे किंचित आवळत गेली तर उलट चांगलं, मॅच बॅरलमध्ये शेवटच्या थोड्या भागात मुद्दाम तसा चोक ठेवतात. तोंडाकडे सैल होत गेलेली नळी मी घेणार नाही, मग फुकट का मिळेना.

मोठे बॅरलवाले हे एअर गेजने बघतात. नळीत एक तोटी सरकवायची, तिच्यातून हवा किती सुटते त्यावरून मायक्रॉनमध्ये फरक कळतो. नाशिकात हे काही परग्रहावरचं नाही. डिझेलच्या नोझल बनवणाऱ्या मायको कारखान्यामुळे या गावात सुई आणि तिच्या भोकातली दोन-तीन मायक्रॉनची फट जुळवणारे हात पिढीभर तयार झालेत. घरच्या घरी करायची रीत त्याहून साधी आहे. जाणकाराकडून नळी मोकळी करून घ्यायची, तेल लावलेली मऊ शिशाची पेलेट मागून हलक्या हाताने, योग्य मापाच्या दांडीने ढकलत न्यायची. डोळे मिटले तरी चालतील. कुठे अडते, कुठे एकदम निसटते, हे बोटांना कळतं. सबंध वाट सारखा विरोध आणि शेवटी थोडी आवळ, असं हवं. बाहेर आलेल्या पेलेटवर सगळ्या खाचांचे ठसे सारखे उमटलेत का तेही भिंगाखाली बघायचं.

हल्ली बोअरस्कोप स्वस्त झालाय, मोबाइलला जोडून नळीच्या आतलं सगळं दिसतं. याच्यापासून जपून! एवढं मोठं करून बघितलं तर देवाची मूर्तीही खडबडीत दिसेल. खाचांच्या दिशेने गेलेल्या बारीक रेघा सहसा त्रास देत नाहीत. आडव्या, गोल फिरलेल्या रेघा रीमरच्या, म्हणजे भोक मापात आणणाऱ्या हत्याराच्या असतात. त्या शिसं खरवडून धरतात, म्हणून त्या जास्त वाईट. चांगल्या नळीला आतून लॅपिंग करतात, म्हणजे शिशाच्या गट्टूवर बारीक घासपूड लावून तो मागे-पुढे फिरवतात. त्यात रेघाही जातात आणि आवळ-सैलपणाही बराच निघतो. तरीही स्कोपमध्ये कुरूप दिसणारं बॅरल टार्गेटवर उत्तम निघाल्याची उदाहरणं नेमबाज मंडळी हसत हसत सांगतात. स्कोपने संशय घ्यावा, निकाल देऊ नये.

सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो नळीच्या तोंडाला, ज्याला क्राउन म्हणतात. पेलेट नळीला शेवटची शिवते ती इथे. कड सगळीकडून सारखी असेल तर मागची हवा चहूबाजूंनी एकाच क्षणी सुटते. एका बाजूला खरचटलेलं असेल तर तिथून आधी सुटते आणि पेलेटच्या घेराला बाजूने फटका देते. अमेरिकेतले डॉक्टर फ्रँकलिन मान यांनी शंभरेक वर्षांपूर्वी गोळ्या मुद्दाम बिघडवून पाहिल्या. गोळीचं नाक बिघडवलं तर फारसं काही झालं नाही, बूड बिघडवलं की ती भरकटली. त्यांच्या या प्रयोगांमुळे क्राउनचं महत्त्व पटायला मदत होते. तपासायची युक्ती दोन रुपयांची आहे. कान कोरायच्या काडीचा कापूस आतून बाहेर, कडेवरून हलका फिरवायचा. बर, म्हणजे धातूची उचललेली बारीक कड, असेल तिथे कापसाचे तंतू अडकतात. पण हे सगळं रायफल रिकामी आहे, बोल्ट उघडा आहे हे दोनदा बघूनच. "रिकामीच आहे" म्हणून आजवर पुष्कळ लोक गेलेत.

आमच्या काडीचे दोन तंतू घड्याळात चारचा आकडा असतो त्या जागी अडकले. बहुधा कोणीतरी पुढून लोखंडी दांडी घालून साफ केलं असणार. नळी नेहमी मागून साफ करायची, एअर रायफलीत तर बहुतेक वेळा नमद्याच्या गोळ्या मारल्या तरी भागतं. क्राउनचं काम स्वतः करायला जाऊ नका, ते परवानाधारक गनस्मिथचं. साडेचार मिलिमीटरपर्यंतची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल आपल्याकडे परवान्याशिवाय घेता येते, मॅच रायफल साधारण आठ ज्यूलला असते. पण दारूच्या हत्याराच्या बॅरलला घरी हात लावणं म्हणजे १९५९च्या शस्त्र कायद्याशी गाठ.

.२२च्या पन्नास मीटर रायफलीची गोष्ट फार वेगळी नाही, फक्त तिथे दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा असतो आणि बॅरलइतकीच काडतुसांच्या लॉटची निवड चालते. खेळाडू आपली रायफल शिकंज्यात लावून एकामागून एक लॉट मारून बघतात आणि जुळला की तोच लॉट पेट्यांनी उचलतात. देवळालीला तोफखान्यात तर प्रत्येक तोफेच्या नळीचं जणू आयुष्यपत्रकच असतं. किती भाराचे किती गोळे झाडले ते पूर्ण भाराच्या हिशेबात मांडून नळी किती झिजली याचा अंदाज घेतात, कारण झिजलेली नळी गोळा कमी वेगाने सोडते आणि तो अलीकडे पडतो. १५५ मिलिमीटरची तोफ काय नि साडेचारची एअर रायफल काय, झीज मोजणाऱ्याला झोप सारखीच लागते.

तिसऱ्या रविवारी गनस्मिथने क्राउनची कड साफ करून दिली होती. थंडी अशी की निफाडच्या द्राक्षवाल्यांनी बागेत शेकोट्या पेटवल्या असतील. भाची हाताला हात चोळत पेलेट भरत होती, मी डिजिटल कॅलिपर घेऊन बसलो होतो. साफ केलेल्या नळीच्या पहिल्या वीसेक पेलेट मोजणीत धरल्या नाहीत. शिशाचा पातळ थर पुन्हा बसेपर्यंत नळी ठिकाणावर येत नाही. मग ४.५०च्या पन्नास आणि ४.४९च्या पन्नास मारल्या. ४.५०चे दहाचे ग्रुप मध्यापासून मध्यापर्यंत ०.९ ते १.४ मिलिमीटर आले, ४.४९चे १.३ ते २.१. दोन्हींत एक ग्रुप असा होता की नुसता तोच दाखवला असता तर निकाल उलटा लागला असता.

तिने रायफल घेतली. क्राउनचे पैसे त्या ताईने किमतीतून कमी केले, काही न बोलता. जुनं कार्ड पेटीत तसंच आहे, त्याच्याखाली आमची दहा टार्गेटं, मागे पेन्सिलीने तारीख, पेलेटचा लॉट आणि "बोल्ट आवळला का?" असं लिहिलेलं. परवा ती पुन्हा आली होती. म्हणाली, "मामा, ४.५१च्या पण मारून बघूया का?"